हरणाऱ्या संघाकडे गुणी खेळाडू का जातात?

जानेवारी २००७ मध्ये निक सेबन अमेरिकेतल्या अलाबामा विद्यापीठाच्या फुटबॉल संघाचे प्रशिक्षक झाले. हा फुटबॉल म्हणजे हेल्मेट घालून लंबगोल चेंडूने खेळायचा अमेरिकी खेळ. त्यांचा पहिला हंगाम यथातथाच गेला. सात सामने जिंकले, सहा हरले, आणि त्यातला एक पराभव तर घरच्या मैदानावर, लुइझियाना-मनरो या कितीतरी लहान विद्यापीठाकडून. तरीही त्यानंतर तीनच महिन्यांत, फेब्रुवारी २००८ मध्ये, अलाबामाने शाळांमधून निवडलेल्या खेळाडूंच्या तुकडीला ‘रायव्हल्स’ या मानांकन संस्थेने देशात पहिला क्रमांक दिला. जुलिओ जोन्स, मार्क इंग्राम, डोन्टा हायटॉवर, मार्क बॅरन ही सगळी त्या तुकडीतली मुले. २००९ च्या हंगामात अलाबामा एकही सामना न हरता राष्ट्रीय विजेता झाला आणि इंग्रामने देशातल्या सर्वोत्तम विद्यापीठीय खेळाडूला मिळणारी हाइझमन ट्रॉफी पटकावली. विद्यापीठाच्या इतिहासातली ती पहिलीच. संघ जिंकतो म्हणून चांगले खेळाडू येतात, असे सर्रास सांगितले जाते. इथे खेळाडू आधी आले आणि विजय त्यांच्या मागून.

हे कसे घडते ते कळायला खेळाडूच्या जागी उभे राहून पाहावे लागते. सतरा-अठरा वर्षांचा मुलगा विद्यापीठ निवडतो तेव्हा गेल्या मोसमाचा निकाल त्याच्या फारसा कामाचा नसतो. तो खेळणार असतो पुढची तीन-चार वर्षे. त्याला जाणून घ्यायचे असते की मला मैदानात उतरायला केव्हा मिळेल, मला घडवणार कोण, आणि इथून व्यावसायिक एनएफएलपर्यंत पोहोचता येईल का. या तिन्ही प्रश्नांवर प्रशिक्षकाकडे देण्यासारखी एकच गोष्ट असते, ती म्हणजे शब्द. नव्या प्रशिक्षकाची खेळाडूभरती त्या शब्दावर विश्वास ठेवायला मुलाला किती ठोस कारण आहे यावर ठरते, असे माझे मत आहे. कीर्ती, पैसा, आधीचे विजय यांचा उपयोग होतो, पण तो शब्दाला वजन देण्यापुरता.

सेबन यांच्या शब्दाला वजन होते. २००३ मध्ये त्यांनी लुइझियाना स्टेट विद्यापीठाला (एलएसयू) विजेतेपद मिळवून दिले होते. अलाबामा विद्यापीठाने आठ वर्षांसाठी ३ कोटी २० लाख डॉलरचा करार करून आपली निकड जगजाहीर केली होती. २००७ च्या एप्रिलमध्ये सरावाचा सामना पाहायला ९२ हजारांहून अधिक लोक आले; एकही खरा सामना होण्याआधी जमलेली ही गर्दी भरतीसाठी फिरणाऱ्या सहायकांना कुठल्याही जाहिरातीपेक्षा उपयोगी पडली असणार. आणि यात सर्वांत कमी बोलली जाणारी बाब अशी की सुमार संघात जागा रिकाम्या असतात. पहिल्याच वर्षी खेळायला मिळेल, हे आश्वासन बलाढ्य संघाचा प्रशिक्षक प्रामाणिकपणे देऊच शकत नाही. जोन्स पहिल्या सामन्यापासून खेळला. या अर्थाने सात-सहाचा हंगाम भरतीच्या आड आला नाही, उलट त्याने तिला वाट करून दिली.

जॉर्जियातही हेच दिसते. सेबन यांच्या हाताखाली अलाबामात नऊ हंगाम काढून कर्बी स्मार्ट डिसेंबर २०१५ मध्ये जॉर्जियाला परतले. परतले म्हणायचे कारण ते याच राज्यात वाढले आणि याच संघातून खेळले. पहिल्या वर्षी आठ विजय, पाच पराभव. तरी २०१७ ची तुकडी देशात पहिल्या तिनांत, आणि २०१८ ची पहिली. वॉर्नर रॉबिन्स गावच्या जेक फ्रॉमने आधी अलाबामाला होकार दिला होता; स्मार्ट जॉर्जियाला गेल्यावर त्याने तो फिरवला. मोठ्या, नुकत्याच विजेत्या ठरलेल्या संघाला सोडून तो घराजवळच्या संघात आला, कारण ज्याच्या शब्दावर त्याचा भरवसा होता तो माणूस आता तिथे होता. पहिल्याच वर्षी त्याने संघाला अंतिम सामन्यापर्यंत नेले. रिकाम्या जागेचे महत्त्वही याच गोष्टीत आहे. २०१८ मध्ये आलेला जस्टिन फील्ड्स देशातल्या सर्वोत्तम दोन-तीन खेळाडूंत गणला जात होता. दोघेही क्वार्टरबॅक, म्हणजे आक्रमणाची सूत्रे सांभाळणारे, आणि संघात ती जागा एकच; म्हणून फ्रॉमच्या मागे त्याला थांबावे लागले आणि एका हंगामानंतर तो ओहायो स्टेटला निघून गेला.

मात्र शब्दाला जमीनही लागते. जॉर्जियाची लोकसंख्या एक कोटीच्या वर, आणि तिथल्या शाळांत फुटबॉल जीव ओतून खेळला जातो. दोन-तीन तासांच्या प्रवासात आईवडील सामना पाहायला येतात, शाळेचा प्रशिक्षक विद्यापीठाच्या प्रशिक्षकाला ओळखतो, दिलेला शब्द मोडला तर गावभर कळते. नेब्रास्कात हे जमले नाही. १९९७ च्या विजेत्या संघाचा क्वार्टरबॅक स्कॉट फ्रॉस्ट २०१७ च्या अखेरीस प्रशिक्षक म्हणून घरी आला, तेव्हा त्याचा सेंट्रल फ्लोरिडाचा संघ त्या हंगामात अपराजित होता. पण नेब्रास्काची वस्ती जेमतेम वीस लाखांच्या आसपास, त्यामुळे खेळाडू शेकडो मैलांवरून आणावे लागतात. पहिल्या तुकड्यांचे मानांकन बरे होते, तरी २०२२ मध्ये फ्रॉस्टची हकालपट्टी झाली तेव्हा हिशेब होता १६ विजय, ३१ पराभव. चूक एकट्या भूगोलाची नव्हती, पण दूरवरून आलेला मुलगा पहिल्या निराशेला परत जातो आणि त्याच्या जागी दुसरा जवळपास नसतो.

यावर पहिला आक्षेप घेतला जातो तो एनएफएल गाजवून प्रशिक्षक झालेल्या डिऑन सँडर्स यांच्या उदाहरणावरून. डिसेंबर २०२१ मध्ये देशातला अव्वल शालेय खेळाडू ट्रॅव्हिस हंटर फ्लोरिडा स्टेटला दिलेला होकार मोडून सँडर्स प्रशिक्षक असलेल्या जॅक्सन स्टेटमध्ये गेला. इतक्या खालच्या स्तरावर खेळणाऱ्या विद्यापीठाला हे स्वप्नातही शक्य नव्हते. हा केवळ करिश्मा नव्हे काय? करिश्मा होताच. पण बचावातला कॉर्नरबॅक म्हणून सँडर्स यांच्या तोडीचा खेळाडू क्वचितच झाला, आणि हंटर त्याच जागी खेळणारा होता. शिकवणाऱ्याच्या शब्दाला याहून सबळ पुरावा काय हवा? करिश्म्याची मर्यादा पुढे सँडर्स कोलोराडोचे प्रशिक्षक झाल्यावर दिसली. त्यांच्याबरोबर आलेला हंटर आणि सँडर्स यांचा मुलगा शेडूर संघात असताना २०२४ मध्ये नऊ विजय मिळाले, हंटरला हाइझमन मिळाली. ते दोघे गेल्यावर संघ पुन्हा घसरला. माणसामागे दोघे-चौघे येतात. दरवर्षी वीस-पंचवीस मुले हेरायची तर त्यामागे यंत्रणा लागते.

दुसरा आक्षेप पैशाचा, आणि तो अधिक गंभीर आहे. जुलै २०२१ पासून खेळाडूंना स्वतःच्या नावावर कमाई करण्याची मुभा आहे. २०२५ पासून विद्यापीठे त्यांना थेट पैसेही देतात. मग शब्दबिब्द सोडा, बोली लावणारा जिंकणार, असे म्हणणारे पुष्कळ आहेत. त्यांनी टेक्सस ए अँड एमची २०२२ ची तुकडी आठवावी. मानांकनात ती तोवरची सर्वांत वरची. त्याच वर्षी संघ पाच जिंकला, सात हरला, तुकडीतले अनेक जण लवकरच दुसरीकडे गेले. प्रशिक्षक जिम्बो फिशर यांना २०२३ मध्ये काढताना विद्यापीठाच्या डोक्यावर साडेसात कोटी डॉलरहून अधिक देणे आले. संघ बदलणे सोपे झाल्यापासून पैसा खेळाडूला आणतो. त्याला टिकवायला दुसरे काहीतरी लागते.

ते काय, हे इंडियानात दिसले. २०२३ मध्ये नऊ सामने हरलेल्या या संघाकडे कर्ट सिग्नेटी प्रशिक्षक म्हणून आले ते जेम्स मॅडिसन या लहान विद्यापीठातून, आणि त्यांच्याबरोबर तिथले तेरा खेळाडू आले. यांतल्या बहुतेकांकडे शाळेत असताना मोठ्या विद्यापीठांनी पाहिलेही नव्हते. पण सिग्नेटी कसे शिकवतात, कुणाला खेळवतात, हे त्यांनी वर्षानुवर्षे पाहिले होते. त्यांना आश्वासनाची गरजच नव्हती. २०२४ मध्ये इंडियानाने अकरा सामने जिंकले. म्हणून नवा प्रशिक्षक आला की डिसेंबरात घाईने केलेल्या भरतीच्या पहिल्या यादीवरून त्याला जोखू नये. त्याच्या जुन्या संघातले किती जण त्याच्यामागे आले ते आधी पाहावे. २००७ ते २०१० या काळात अलाबामात सेबन यांच्या खेळाडूभरतीची जबाबदारी ज्यांच्याकडे होती, ते हेच कर्ट सिग्नेटी.