कार्तिकातली गार आंघोळ

कार्तिक लागला की आपल्या धाड भागात बऱ्याच जणी काकड्याला निघण्याआधी गार पाण्यानं आंघोळ करतात. पहिला तांब्या अंगावर पडताच श्वास अडकतो, छाती धडधडते. कातडीतल्या रक्तवाहिन्या आकसतात आणि रक्तदाब एकदम चढतो. नंतर तरतरी वाटते, ती खरीच.

पण आजार टळतात का? नेदरलँड्समध्ये ३०१८ जणांवर झालेला अभ्यास २०१६ साली छापून आला. ऊन पाण्यानंतर शेवटी गार पाणी घेणाऱ्यांच्या आजारपणाच्या रजा इतरांपेक्षा २९ टक्के कमी भरल्या. आजारपणाचे दिवस मात्र तेवढेच! म्हणजे दुखणं आलं, तरी माणसं कामावर गेली. आपण तर तापातही निंदायला जातो, ते वेगळंच.

बीपीच्या किंवा हृदयविकाराच्या गोळ्या चालू असतील, तर गार पाणी घेऊ नका. सासूबाईंना नेम मोडेल असं वाटत असेल, तर त्यांना सांगा, कोमट पाण्यानंही कार्तिकस्नान होतं. बाकीच्यांनी आधी पायांवर, मग हातांवर पाणी घ्यावं. विहिरीचं नुकतंच शेंदलेलं पाणी थंडीत कोमट लागतं. रात्रभर टाकीत राहिलेलं बोचतं. छातीत दुखलं, घाम फुटला, तर उजाडायची वाट न पाहता १०८ ला फोन करा.