चोवीस चौरस किलोमीटरचं अथांग बेट

१,६१,६०० चौरस किलोमीटर. महाराष्ट्राच्या निम्म्याहून थोडा जास्तच भरेल एवढा हा मुलूख १९९६ साली एका सीडीवर मावला होता. ‘द एल्डर स्क्रोल्स’ मालिकेतल्या ‘डॅगरफॉल’ या गेमच्या जगाचं क्षेत्रफळ म्हणून हा आकडा आजही सांगितला जातो. शहरं, खेडी, देवळं, भुयारं धरून पंधरा हजारांवर ठिकाणं त्यात होती. सीडीची क्षमता मात्र साडेसहाशे-सातशे मेगाबाइट, म्हणजे आजच्या फोनमध्ये आपण सहज काढून ठेवतो त्या एका लांबट व्हिडिओएवढी. बेथेस्डा या अमेरिकन कंपनीला हे जमलं, कारण त्यातलं फार थोडं माणसाच्या हाताने रचलेलं होतं. रान गणिती सूत्रांतून उगवलं होतं आणि गावं ठरावीक तुकडे जुळवून उभी केली होती. दोन गावांच्या मध्ये तासन् तास चालत राहावं आणि वाटेत काहीच घडू नये, असं ते जग होतं.

सहा वर्षांनी, मे २००२ मध्ये, याच कंपनीचा याच मालिकेतला पुढचा मुख्य गेम आला : ‘मॉरोविंड’. व्हार्डेनफेल नावाचं एक बेट, मधोमध रेड माउंटन हा ज्वालामुखी, भोवती राखेची माळरानं, दलदली आणि झाडांएवढ्या उंच अळंब्या. क्षेत्रफळ सुमारे २४ चौरस किलोमीटर.

म्हणजे आधीच्या जगापेक्षा हे जग सुमारे ६,७०० पटींनी लहान होतं. चौकोनी करून मांडलं तर एक बाजू पाच किलोमीटरचीसुद्धा भरत नाही; सकाळी फिरायला जाणारा माणूस तासाभरात या टोकाहून त्या टोकाला पोचेल. तरीही डॅगरफॉलमधल्या वाटा फारशा कुणाच्या लक्षात राहिलेल्या दिसत नाहीत. व्हार्डेनफेलवर ज्याने एकदा मुक्काम केला, त्याला सेडा नीन या गावाच्या दीपगृहापासून बालमोरा शहराच्या नदीकाठापर्यंतचं वळणन्‌वळण आज तेवीस-चोवीस वर्षांनंतरही डोळे मिटून सांगता येतं. या कोड्याचं उत्तर मला आकड्यांतच सापडतं, आणि ते शोधताना मी आजही थक्क होतो.

पहिला आकडा श्रमाचा. मॉरोविंडच्या निर्मितीत जवळजवळ शंभर माणूस-वर्षं खर्ची पडली, असं त्याचे प्रमुख टॉड हॉवर्ड यांनी सांगितलं आहे. एका माणसाने एकट्याने करायचं ठरवलं असतं, तर शंभर वर्षं लागतील एवढं हे काम. त्याला २४ ने भागा. एका चौरस किलोमीटरमागे चार वर्षांहून जास्त मेहनत येते. गेमच्या आत ही जमीन चौकोनांत विभागलेली आहे आणि एक चौकोन साधारण ११७ मीटर लांबी-रुंदीचा आहे. गोष्टीचं लेखन, संगीत, प्रोग्रामिंग असं सगळं त्या शंभर वर्षांत धरलं, तरी एकेका चौकोनाच्या वाट्याला एका माणसाचे जवळजवळ तीन आठवडे येतात. तीन आठवडे एका मैदानाएवढ्या जागेसाठी! दगड कुठे पडलेला असावा, बुंध्याशी कोणती बुरशी उगवलेली असावी, तस्कराच्या गुहेत टेबलावर कुठली बाटली उपडी झालेली असावी, हे कुणीतरी बसून ठरवलेलं आहे. याच वेगाने डॅगरफॉलचा सगळा मुलूख रचायचा म्हटला असता, तर पावणेसात लाख माणूस-वर्षं लागली असती.

दुसरा आकडा धुक्याचा आहे आणि मला तो सगळ्यांत प्रिय आहे. तेव्हाच्या संगणकांना दूरवरचं दृश्य पेलत नसे, म्हणून मॉरोविंडमध्ये नजर जेमतेम शंभर मीटर पोचायची. सेटिंग अगदी कमाल ठेवलं, तरी चौकोनाच्या एका बाजूपेक्षा कमीच दिसायचं. त्यापुढे करडं धुकं. शंभर मीटर त्रिज्येच्या वर्तुळाचं क्षेत्रफळ काढून पाहा. कोणत्याही क्षणी खेळणाऱ्याला बेटाचा सुमारे साडेसातशेवा भाग दिसत असे. उरलेले सातशे एकोणपन्नास भाग त्याच्या मनात असत, आणि मनातल्या जमिनीला मोजमाप नसतं. पुढे चाहत्यांनी गेममध्ये बदल करणारे मॉड बनवून हे धुकं हटवलं. हवा स्वच्छ झाली, क्षितिज दिसू लागलं आणि बेट एकदम आक्रसलं. ज्या शहराला जायला आपण कंदील, औषधं, खाणंपिणं बांधून निघत होतो, ते पलीकडच्या टेकडीमागेच होतं, हे उघडं पडलं. तंत्राची मर्यादा म्हणून आलेलं धुकं त्या जगाचं सगळ्यांत मोठं बांधकाम होतं, असं मला मनापासून वाटतं.

त्यात भर डोंगररांगांची. बेटावर सरळ रेषेत कुठेच जाता येत नाही. ज्वालामुखीतून वाहून गेलेल्या लाव्हाने कोरलेल्या लांबच लांब घळी आहेत, त्यांना तिथले लोक फोयाडा म्हणतात. अशा एका घळीत शिरलं, की दोन्ही बाजूंना भिंती, समोर राखेचं वादळ, आणि बाहेर पडायची वाट थेट दुसऱ्या टोकाला. नकाशावर बोटभर असलेलं अंतर पायांना चौपट पडतं. शिवाय गेममधलं घड्याळ आपल्या घड्याळाच्या तीस पट वेगाने धावतं. तुमचा एक तास चालण्यात गेला, तर तिथे तीस तास उलटलेले असतात. मध्ये एक रात्र येऊन गेलेली असते. पाच किलोमीटरचा प्रवास सव्वा दिवसाचा होतो. रस्ता दाखवणारा बाणही नाही. कुणीतरी तोंडी खुणा सांगतो, पूल ओलांडा, डाव्या हाताला दगडी खांब दिसेल, तिथून उत्तरेला वळा, आणि त्या डायरीत उतरतात. डायरी वाचत, चुकत, परत फिरत जायचं.

या सगळ्याचा उलटा प्रत्ययही त्याच गेममध्ये आहे, तोही अगदी पहिल्याच गावाबाहेर. सेडा नीनहून बालमोराच्या रस्त्याला लागलं, की थोड्याच वेळात आभाळातून किंकाळी ऐकू येते आणि टारहिएल नावाचा एक जादूगार दाणकन समोर आपटून मरतो. त्याच्याजवळ उड्डाणमंत्राच्या तीन गुंडाळ्या सापडतात. त्यातली एक वाचून उडी मारा. सात सेकंदांसाठी कसरतीचं कौशल्य हजार गुणांनी वाढतं आणि तुम्ही गोफणीतून सुटल्यासारखे बेटावरून भिरकावले जाता. खालून गावं, दलदली, राखेचे पट्टे सरकत जातात. सात सेकंद संपल्यावर तुम्ही अजून हवेतच असता, आणि टारहिएल का मेला ते तेव्हा कळतं. हे बेट किती लहान आहे, हे त्या एका उडीत निर्मात्यांनी स्वतःच दाखवून टाकलंय. तरीही उडी संपली, दुसऱ्या डावात पाय जमिनीला लागले, की ते पुन्हा अफाट होतं.

मग आलं ऑनलाइन रूप. ‘द एल्डर स्क्रोल्स ऑनलाइन’ एप्रिल २०१४ मध्ये सुरू झाला. तो झेनीमॅक्स ऑनलाइन स्टुडिओजने बनवला आणि ६ जून २०१७ रोजी त्यात व्हार्डेनफेल उघडलं. पहिल्या दहा वर्षांत या गेमच्या खेळाडूंची संख्या दोन कोटींच्या पुढे गेली. इथे मोजपट्टीच बदलते. जुन्या गेममध्ये बेटावर हाडामांसाचा माणूस एकच, म्हणजे तुम्ही. आता सेडा नीनच्या त्याच लाकडी धक्क्यावर एकाच वेळी कितीतरी माणसं. कुणी पेटत्या आयाळीच्या घोड्यावर, कुणी अस्वलावर, कुणी धक्क्याच्या कडेला मासे धरत बसलेलं. गर्दी वाढली, की सर्व्हर त्या प्रदेशाची आणखी एक प्रत उघडतो, मग आणखी एक. तुम्ही ज्या दीपगृहाकडे पाहत उभे असता, तिथेच त्याच क्षणी, तुम्हाला न दिसणाऱ्या दुसऱ्या प्रतीत, दुसरे लोक त्याच दीपगृहाकडे पाहत असतात.

पण मला खरी भोवळ आणली ती काळाच्या आकड्याने. ऑनलाइन गेमची कथा टॅमरिएल या काल्पनिक खंडाच्या दुसऱ्या युगात, ५८२ साली घडते. ते युग ८९६ साली संपतं आणि मॉरोविंडची कथा तिसऱ्या युगाच्या ४२७ साली आहे. ३१४ अधिक ४२७ : सातशे एक्केचाळीस वर्षं. आपण जुन्या गावी परततो खरे, पण आपल्या आठवणींच्या सातशे एक्केचाळीस वर्षं आधी. दक्षिणेला पाण्यात उभं असलेलं व्हिवेक शहर घ्या. २००२ च्या गेममध्ये ते जुनं, काळवंडलेलं, आतल्या बोळांत हमखास चुकायला लावणारं होतं. इथे ते बांधलं जातंय. पायऱ्यापायऱ्यांच्या त्या प्रचंड इमारतींपैकी काही उभ्या आहेत, काहींवर परांच्या चढवलेल्या आहेत, मजूर दगड वाहतायत. रेड माउंटनला वेढणारं घोस्टफेन्स हे जादूचं कुंपण नाही, कारण ते उभारायची वेळच अजून आलेली नाही. बेट हिरवं आहे.

आणि शहराच्या माथ्यावर बार डाऊ तसाच तरंगतोय. आकाशातून कोसळता कोसळता व्हिवेक या देवाने हवेतच थोपवलेला तो अजस्र खडक. मॉरोविंडच्या कथेनंतर दहा-अकरा वर्षांतच देवाची शक्ती संपते, खडक थांबवलेल्या क्षणीच्या वेगाने खाली येतो, शहर नाहीसं होतं आणि रेड माउंटन फुटतो. जुना खेळाडू परांचीखाली उभा राहून मजुरांची कामं पाहतो, तेव्हा या दगडांचं पुढे काय होणार हे त्या सगळ्या जगात फक्त त्याला आणि त्याच्यासारख्यांना ठाऊक असतं. इतक्या वर्षांपूर्वी त्या बोळांत चुकलेल्या माणसालाच हे दुःख कळतं, आणि ऑनलाइन रूपाने दिलेली ही सगळ्यांत मोलाची गोष्ट आहे.

बाकी तक्रारी आहेतच. ऑनलाइन व्हार्डेनफेलमध्ये ठिकठिकाणी वेश्राइन आहेत. एकातून दुसऱ्यात क्षणात पोचता येतं. डोक्यावर होकायंत्र, त्यात बाण. धुकं विरळ, नजर लांबवर जाते. चित्रं शतपटींनी देखणी आहेत, आवाज आहेत, प्रत्येक माणूस बोलतो. पण जागा लक्षात राहायला वेळ लागतो, आणि तो वेळच इथे वाचवला जातो. शिवाय हे जग सर्व्हरवर आहे. तो चालू आहे तोवर आहे. २००२ ची सीडी मात्र कुणाच्या कपाटात सापडली, तर ते बेट आजही उघडतं.

त्याच जुन्या बेटाला जोडून, ते बेट ज्यात येतं त्या मॉरोविंड प्रांताची मुख्य भूमी रचायचं काम ‘टॅमरिएल रीबिल्ट’ या नावाने चाहते करतायत. सुरुवात २००१ ची, म्हणजे खुद्द गेम बाजारात यायच्याही आधीची. पैसे नाहीत, पगार नाही. गेमसोबत मिळालेल्या हत्याराने चौकोनामागून चौकोन हाताने भरत, दोन दशकांहून अधिक काळ, माणसं बदलत, नवे प्रदेश प्रसिद्ध करत काम सुरूच आहे आणि अजून संपलेलं नाही.

तुम्ही यातलं काहीच खेळलेलं नसेल, तर माझं आग्रहाचं सांगणं : आधी २००२ चं बेट घ्या आणि धुकं हटवू नका. ते पुरेसं अंगात मुरलं, की ऑनलाइन रूपात सेडा नीनला उतरा, वेश्राइनकडे पाहूही नका, आणि व्हिवेकपर्यंत पायी जा.