जंप देऊन गाडी चालू झाली, पण मीटरवर दिवे पेटलेलेच? आधी फ्यूज पाहा, मग खर्चाचं बोला

जरीपटका (नागपूर) : सकाळी लग्नाला निघायचं, सगळे गाडीत बसले आणि चावी फिरवली तर नुसता 'टक-टक' आवाज. बॅटरी बसली. मग शेजारचा ट्रॅक्टर किंवा रस्त्यावरचा ट्रक थांबवायचा, दोन वायरी जोडायच्या आणि गाडी चालू करायची. कामठी, पारशिवनी, रामटेककडे हे नेहमीचंच. गाडी चालू होते, पण नंतर मीटरवर दिवे पेटून राहतात, काच वर होत नाही, कधी गाडी पूर्णच मुकी होते. मग कामठी रोडने जरीपटका, ऑटोमोटिव्ह चौकाकडे गाडी आणावी लागते. नेमकं बिघडतं काय आणि खर्च वाचतो कुठे, हे गाडीवाल्याला माहीत असलेलं बरं.

बॅटरी बसते का?

नागपूरच्या उन्हाळ्यात पारा ४५ अंशांच्या वर जातो. उन्हात उभ्या गाडीच्या बोनेटखाली त्याहून जास्त तापतं. या उष्णतेनं बॅटरीतलं पाणी उडतं, आतल्या प्लेटा झिजतात. पण त्याचा हिशेब दिसतो हिवाळ्यात. थंडीत इंजिन ऑइल घट्ट होतं, सेल्फला जोर जास्त लागतो आणि उन्हाळ्यात कमजोर झालेली बॅटरी तेव्हाच हात टेकते. दुसरं कारण म्हणजे गाडी दहा-पंधरा दिवस उभी राहणं. जीपीएस, कॅमेरा, बाहेरून बसवलेला टेप ही मंडळी गाडी बंद असतानाही थोडा-थोडा करंट खात असतात.

तात्पुरता बिघाड कोणता?

जंप दिल्यावर घड्याळ शून्यावर येणं, रेडिओचे स्टेशन पुसले जाणं, एका बटणात वर जाणारी काच अर्ध्यात थांबणं, स्टेअरिंग किंवा एबीएसचा दिवा लागणं, गाडी उभी असताना रेस कमी-जास्त होणं, हे बहुतेक वेळा नुकसान नसतं. करंट तुटल्यामुळे गाडीतला कॉम्प्युटर जुनी नोंद विसरलेला असतो. स्टेअरिंग दोन्ही बाजूंना पूर्ण फिरवून थोडं अंतर गाडी चालवली की बरेच दिवे आपोआप जातात. काच पूर्ण वर नेऊन बटण काही सेकंद दाबून धरलं की ती बऱ्याच गाड्यांत पुन्हा ठीक चालते.

बॅटरीचा लाल दिवा मात्र गाडी चालू असताना पेटलेला राहिला, तर तो मामला वेगळा. याचा अर्थ अल्टरनेटर बॅटरी भरत नाही. अशी गाडी पुढे रस्त्यात बंद पडणार, हे धरून चालावं.

खरं नुकसान तीन चुकांनी

पहिली चूक, वायर उलटी जोडणं. प्लसला मायनस लागला की मोठी ठिणगी पडते आणि बहुधा मेन फ्यूज उडतो. फ्यूजनं वेळेवर जीव दिला तर बाकी गाडी वाचते. नाही तर अल्टरनेटरमधले डायोड आणि इंजिनचा कॉम्प्युटर जाऊ शकतो.

दुसरी चूक, ट्रकवरून जंप घेणं. कार १२ व्होल्टवर चालते, बहुतेक ट्रॅक्टरही १२ व्होल्टचेच असतात. पण मोठे ट्रक आणि बसमध्ये दोन बॅटऱ्या एकामागे एक जोडून २४ व्होल्ट केलेले असतात. ते दोन टोकांवरून कारला दिले की इलेक्ट्रॉनिक सामान जळायला वेळ लागत नाही.

तिसरी चूक, गाडी चालू ठेवून बॅटरीचं टर्मिनल काढणं. 'अल्टरनेटर ठीक आहे का ते पाहू' म्हणून ही जुनी पद्धत अजून चालते. जुन्या गाड्यांत ती खपून जायची. आता बॅटरी सुटताच व्होल्टेज एकदम उसळतं आणि कॉम्प्युटरवर जातं. १ एप्रिल २०२० पासून बीएस-६ गाड्या आल्या, त्यात सेन्सर आणखी वाढले. तिथे हा प्रयोग करूच नये.

बरोबर जोडणी कशी?

दोन्ही गाड्या एकमेकींना टेकू देऊ नयेत. लाल वायर आधी बसलेल्या बॅटरीच्या प्लसला, मग चांगल्या बॅटरीच्या प्लसला. काळी वायर चांगल्या बॅटरीच्या मायनसला आणि तिचं शेवटचं टोक बंद गाडीच्या इंजिनच्या उघड्या लोखंडाला, बॅटरीपासून दूर. कारण बॅटरीतून हायड्रोजन वायू निघतो, तिथे ठिणगी पडली तर बॅटरी फुटू शकते. बिडी-सिगारेट तर लांबच ठेवावी.

पाच मिनिटं थांबून सेल्फ मारावा. ट्रॅक्टरवरून जंप घेताना ट्रॅक्टर बंदच ठेवलेला बरा, कारण त्याचा रेग्युलेटर खराब असेल तर व्होल्टेज जास्त येतं. गाडी चालू झाली की एसीचा पंखा लावावा आणि वायरी उलट्या क्रमानं काढाव्या. पंखा लावल्यानं उसळी कमी होते.

दोनशे-चारशेच्या मीटरनं काय कळतं?

साधा मल्टीमीटर घरी असावा. रात्रभर उभ्या गाडीची भरलेली बॅटरी साधारण १२.६ व्होल्ट दाखवते. १२.२ म्हणजे जवळपास अर्धी, १२ च्या खाली म्हणजे बसलेली. गाडी चालू केल्यावर १३.५ ते १४.५ दिसलं तर चार्जिंग ठीक. गाडी चालू असूनही १३ च्या खालीच राहिलं तर अल्टरनेटर, बेल्ट किंवा मेन फ्यूज पाहावा. १५ च्या वर गेलं तर रेग्युलेटर खराब आहे.

एक गैरसमज असा की जंप दिल्यावर अर्धा तास फिरवली की बॅटरी भरते. पूर्ण बसलेली बॅटरी तेवढ्यात भरत नाही, उलट अल्टरनेटरवर ताण येतो. ती चार्जरवर सावकाश भरून घ्यावी.

गॅरेजमध्ये आधी हे विचारा

जंपनंतर गाडी मुकी झाली की 'कॉम्प्युटर गेला' हे वाक्य लवकर ऐकू येतं आणि तो सगळ्यात महाग भाग असतो. म्हणून तपासणी क्रमानं करून घ्यावी. आधी बॅटरी आणि टर्मिनल, मग मेन फ्यूज आणि छोटे फ्यूज, मग अल्टरनेटर, त्यानंतर स्कॅनर लावून कॉम्प्युटर. उडालेला फ्यूज समोर दाखवायला सांगावा. फ्यूजच्या जागी तार बांधून गाडी चालू करून देत असतील तर नको म्हणावं, पुढच्या वेळी फ्यूजऐवजी वायरिंग पेटेल.

वायर उलटी लागली होती किंवा ट्रकवरून जंप घेतला होता, हे मिस्त्रीपासून लपवू नये. तेवढं खरं सांगितलं तर त्याचा शोध योग्य जागेपासून सुरू होतो आणि गाडीवाल्याचे पैसे वाचतात.