अर्धवट राहिलेली तीन बदकं

हिवाळ्यात गाढवी नदीवरच्या इटियाडोह जलाशयावर बदकं उतरतात. ती पाहून अर्जुनी मोरगावच्या एका वाचकाने विचारलंय, ‘परदेशात शिकारी खोटी बदकं पाण्यात सोडून खऱ्यांना भुलवत म्हणे. ती बनवत कशी?’

भुलवणं सोपं होतं. खाली आपल्यासारखीच पाखरं निवांत तरंगताना दिसली की वरच्या थव्याला जागा बिनधोक वाटते. बनवण्यात मात्र कसब लागे. अमेरिकेत सीडर किंवा पाइनचं हलकं लाकूड कोरत, काही कारागीर ते आतून पोखरत. तळाला शिसं ठोकत, नाहीतर लाटेवर बदक उताणं! आता अशा जुन्या बदकांचे एक्स-रे काढतात. आतली पोकळी, खिळे, बदललेली मान, लांबी भरून झाकलेली भेग, सगळं उघडं पडतं. मॅसॅच्युसेट्सच्या एल्मर क्रोवेलने कोरलेली दोन पाखरं 2007 मध्ये प्रत्येकी 11 लाख डॉलरहून जास्त किमतीला गेली. एवढी किंमत मोजणाऱ्या संग्राहकांना निर्दोष नग हवा असतो, म्हणून हे एक्स-रे.

मला भुरळ पडते ती नेवाडातल्या लव्हलॉक गुहेतल्या बदकांची. 1911 मध्ये खतासाठी या गुहेतली वटवाघळांची विष्ठा खणून नेली, त्यात वरचे थर गेले. तरी 1924 मध्ये उत्खनन करणाऱ्या लाउड आणि हॅरिंग्टन यांना गुहेत पुरून ठेवलेली 11 बदकं मिळाली. ती लाकडी नव्हती. आपल्या लव्हाळ्याच्याच कुळातल्या पाणवनस्पतीचे देठ वाकवून, बांधून केलेली होती. या देठांत हवेच्या पोकळ्या असल्याने ते आपसूक तरंगतात.

वय कळायला मात्र 1980 चं दशक उजाडलं. जुन्या कार्बन पद्धतीला नमुना भरपूर लागे, म्हणजे बदकाचा बराचसा भाग जाळावा लागला असता. त्वरकाच्या साह्याने कार्बन-14 चे अणूच मोजता येऊ लागले, तेव्हा चिमूटभर नमुना पुरला. उत्तर आलं, सुमारे दोन हजार वर्षं.

त्यातली आठ बदकं रंगवलेली आणि पिसं लावलेली होती. उरलेली तीन अर्धवट. पिसांच्या आवरणाखाली झाकला जाणारा सांगाडा त्यांच्यात उघडाच राहिला होता: देठ कुठे वळले, दोरी कुठून फिरली, डोकं कुठे बांधलं. बनवण्याची रीत शिकायची तर लाखो डॉलरच्या नगांपेक्षा ही तीन बदकं माझ्या लेखी जास्त मोलाची आहेत. क्रोवेलचं नाव बाजाराला पाठ आहे. लव्हलॉकच्या कारागिरांचं एकही नाव कुठे नोंदलेलं नाही.