घाना : आधी लस, मग तिकीट
पश्चिम आफ्रिकेच्या वाटेवर – भाग ३

घानाला जायचं नक्की झालं की बहुतेक जण आधी विमानाचं तिकीट शोधायला बसतात. मुंबईहून अक्राला थेट विमान नाही. आदिस अबाबा, नैरोबी किंवा दुबईत विमान बदलावं लागतं, भाडी रोज वरखाली होतात आणि एखाद्या रात्री बरा दर दिसला की हात शिवशिवतात. पण या देशाच्या बाबतीत तिकीट हे शेवटचं काम आहे.

घानात उतरताना पीतज्वराची लस घेतल्याचं पिवळं कार्ड दाखवावं लागतं, आणि ते लस टोचल्यापासून दहा दिवसांनी ग्राह्य होतं. ही लस कोपऱ्यावरच्या दवाखान्यात मिळत नाही. केंद्र सरकारने मान्यता दिलेल्या मोजक्या केंद्रांवरच ती देतात. मुंबईत विमानतळ आरोग्य संघटनेचं असं केंद्र आहे. पासपोर्ट सोबत न्यायचा, आणि त्या दिवशी लस शिल्लक आहे ना, याची आधी खात्री करून घ्यायची. म्हणून तारखांचा हिशेब लसीच्या दिवसापासून पुढे मांडावा.

आपल्याकडे परदेशवारीचा खरा हंगाम निवृत्तीनंतर सुरू होतो, त्यामुळे आणखी एक गोष्ट ठळकपणे सांगायला हवी. ही जिवंत विषाणूची लस आहे. साठी ओलांडलेल्या माणसाला ती पहिल्यांदाच द्यायची असेल तर डॉक्टर दहादा विचार करतात. अंड्याची तीव्र ॲलर्जी, गरोदरपण किंवा कमकुवत प्रतिकारशक्ती असेल तरीही तसंच. घरात ज्येष्ठ मंडळी असतील तर बेत आखण्याआधीच आपल्या डॉक्टरांशी बोला. पूर्वी केनियाची सफारी केली असेल तर मात्र कपाट धुंडाळा. 2016पासून हे प्रमाणपत्र आयुष्यभरासाठी वैध मानलं जातं, त्यामुळे तेव्हाचं जुनं कार्डही चालतं.

हिवतापावर लस नव्हे, गोळ्या. घानातला हिवताप प्रामुख्याने फाल्सिपॅरम जातीचा, म्हणजे जिवावर बेतू शकणारा, आणि क्लोरोक्विनला दाद न देणारा. कोणती गोळी घ्यायची ते डॉक्टर ठरवतील, पण प्रत्येकीचं वेळापत्रक वेगळं असतं. डॉक्सिसायक्लिन परतल्यावरही चार आठवडे चालू ठेवावी लागते. व्हिसासाठी घानाचं उच्चायुक्तालय दिल्लीत आहे. पासपोर्टची मुदत निदान सहा महिने शिल्लक असू द्या. या विषयाला याहून जास्त जागा देत नाही.

आता हवामान. जून ते सप्टेंबर म्हणजे पाऊस, हे आपलं गणित तिथे लागू पडत नाही. दक्षिण घानात पाऊस दोनदा येतो: एप्रिल ते जूनमध्ये जोरदार, मग ऑगस्टच्या सुमारास उघडीप, आणि सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये पुन्हा थोडा. उत्तरेत मात्र साधारण मे ते ऑक्टोबर असा एकच पावसाळा. डिसेंबर ते फेब्रुवारी सहारा वाळवंटातून हरमाटन हा कोरडा वारा वाहतो. आकाश धुळीने भुरकट होतं, ओठ फुटतात, उत्तरेकडच्या विमानांची वेळापत्रकंही कधीकधी कोलमडतात. मोले अभयारण्यात हत्ती पाहायला हाच काळ उत्तम, कारण पाणी आटलं की ते पाणवठ्यावर येतात. फोटोत निळं आकाश हवं असेल तर निराशा ठरलेली.

डिसेंबरचा उत्तरार्ध मी तरी टाळायला सांगेन. 1619मध्ये गुलाम केलेले आफ्रिकी लोक व्हर्जिनियात उतरवले गेले, त्याला चारशे वर्षं झाली म्हणून घानाने 2019 हे ‘परतीचं वर्ष’ म्हणून साजरं केलं आणि जगभर पसरलेल्या आफ्रिकी वंशाच्या लोकांना बोलावलं. तेव्हापासून नाताळच्या सुमारास अक्रात मोठी गर्दी लोटते. त्यांच्यासाठी ते घरी येणं आहे. आपल्यासाठी ते महागडं हॉटेल आणि वाहतुकीचा खोळंबा. नोव्हेंबर बरा.

पण नोव्हेंबरातला कोणता आठवडा? इथे माझा सगळ्यात आवडता मुद्दा येतो. असांते लोकांची पारंपरिक कालगणना 42 दिवसांच्या आवर्तनाने चालते, आणि दर आवर्तनात एक रविवार अक्वासिडेचा असतो. त्या दिवशी पूर्वजांचं स्मरण होतं. कुमासीतल्या मानहिया राजवाड्यात असांतेहेने, म्हणजे असांत्यांचे राजे, भल्यामोठ्या छत्र्यांखाली दरबार भरवतात. सोन्याने मढलेले सरदार, ढोल, शिंगं आणि मानवंदनेला येणाऱ्यांची रीघ असा तो थाट असतो. पर्यटकांसाठी बसवलेला कार्यक्रम नव्हे तो, पण पाहुण्यांना पाहता येतो. दर सहा आठवड्यांनी येणारा रविवार असल्यामुळे पुढच्या तारखा आधीच कळतात. आधी तो रविवार धरा आणि बाकीचा प्रवास त्याच्या दोन्ही बाजूंना पसरवा. राजवाड्याच्या संग्रहालयालाही वेळ ठेवा. इंग्रजांनी 1874च्या युद्धात लुटून नेलेल्या सोन्याच्या वस्तूंपैकी काही 2024मध्ये लंडनच्या संग्रहालयांनी इथे परत धाडल्या, पण उसन्या म्हणून! लुटलेली वस्तू मूळ मालकालाच उसनी द्यायची, हा प्रकार आपल्याला नीट समजेल.

कुमासीपासून जवळच बोसुम्त्वी सरोवर आहे. महाराष्ट्रातल्या माणसाने ते चुकवू नये, कारण ते लोणारचं थोरलं भावंड. दोन्ही उल्कापाताने झालेली विवरं; लोणारचा व्यास दोन किलोमीटरहून कमी, बोसुम्त्वीच्या विवराचा सुमारे साडेदहा. असांते श्रद्धेनुसार मृतांचे आत्मे इथे देवाचा निरोप घ्यायला येतात. पाण्याला लोखंड लागू द्यायचं नाही, असाही जुना दंडक आहे. म्हणून कोळी पारंपरिक होडीऐवजी लाकडाच्या फळीवर बसून मासे धरतात.

मार्ग सोपा ठेवा: अक्रा, तिथून किनाऱ्याने केप कोस्ट आणि एलमिना, मग कुमासी, आणि परत. अक्रा ते कुमासी अंतर अडीचशे किलोमीटरच्या आसपास, पण रस्त्याने पाच-सहा तास सहज जातात. मोले याच दौऱ्यात कोंबायचंच असेल तर तामालेपर्यंत विमानाने जा.

बॅग भरताना लष्करी छाप्याचे कपडे घरीच ठेवा. सामान्य माणसाने ते घालायला घानात बंदी आहे. राष्ट्राध्यक्षांचं ज्युबिली हाउस भारताच्या कर्जातून मुंबईच्या शापूरजी पालनजी कंपनीने बांधलं. त्यामुळे फोटो काढायचा मोह होईल, पण पहारेकऱ्यांना ते खपत नाही. शाकाहारी मंडळींना वाचे हा चवळी घातलेला भात सापडेल. त्यासोबत येणारी काळी शितो चटणी मात्र नको म्हणा. तिच्यात सुकी मासळी आणि सुकट असते.

पिवळं कार्ड परतीच्या प्रवासातही हातातल्या पिशवीत हवं. कार्डाशिवाय घानाहून आलेल्या प्रवाशाला भारतात सहा दिवसांपर्यंत विलगीकरणात ठेवता येतं. आणि परतल्यावर काही आठवड्यांत, अगदी काही महिन्यांनीही ताप आला, तर डॉक्टरांना पहिल्या वाक्यात सांगा की घानाला जाऊन आलो आहे.

पुढच्या आठवड्यात एलमिना : पोर्तुगीजांनी 1482मध्ये बांधायला घेतलेला किल्ला आणि त्याची तळघरं.