विद्यार्थी-खेळाडूंचे प्रतिमाहक्क व क्रीडावृत्त

शाळा-महाविद्यालयांच्या संघांतून खेळणाऱ्या खेळाडूला आपले नाव, छायाचित्र, आवाज, सही अथवा ओळख पटेल असे कोणतेही साम्य यांच्या व्यापारी वापराबद्दल मोबदला घेण्याचा जो हक्क असतो, त्यास प्रतिमाहक्क म्हणतात. अमेरिकेत १ जुलै २०२१ पासून महाविद्यालयीन खेळाडूंना हा मोबदला घेण्याची मोकळीक मिळाली. भारतात तशी सरसकट बंदी नव्हती. तथापि क्रिकेटखेरीज अन्य खेळांतील विद्यार्थ्याच्या प्रतिमेला बाजारात किंमतही क्वचितच होती. या हक्काचा क्रीडावृत्ताशी निकटचा संबंध आहे. ज्या खेळाडूचे नाव छापून येते व ज्याचे चित्र दिसते, त्याच्याच प्रतिमेला मूल्य येते. त्यामुळे प्रतिमेचा व्यवहार सुरू झाला की बातमी ही केवळ माहिती राहत नाही. ती खेळाडूच्या उत्पन्नाचे एक साधनही बनते.

संकल्पना : खेळाडूच्या चित्राचा उपयोग स्थूलमानाने तीन प्रकारांनी होतो. सामन्याच्या वृत्तासोबत छापलेले छायाचित्र हा पहिला प्रकार. त्यासाठी खेळाडूची अनुमती वा मोबदला लागत नाही, कारण सार्वजनिक घटनेची माहिती मिळणे हा वाचकाचा हक्क मानला जातो. तेच छायाचित्र एखाद्या पेयाच्या वा बुटांच्या जाहिरातीत वापरणे हा दुसरा प्रकार. तेथे अनुमती आवश्यक ठरते. वृत्त आणि जाहिरात यांच्या सीमेवरचा वापर हा तिसरा प्रकार होय. विजयी खेळाडूचे अभिनंदन करणारे, परंतु खाली कंपनीचे बोधचिन्ह असलेले चित्र, खेळाडूने स्वतःच्या खात्यावरून प्रसृत केलेली प्रायोजित चित्रफीत, किंवा प्रायोजकाच्या खर्चाने झालेली मुलाखत ही त्याची उदाहरणे. क्रीडावृत्तापुढील बहुतेक प्रश्न या तिसऱ्या प्रकारातून उद्‌भवतात.

ऐतिहासिक पार्श्वभूमी : खेळ हा आनंदासाठी असून त्यातून पैसा मिळवणे कमीपणाचे, ही हौशीपणाची कल्पना एकोणिसाव्या शतकातील इंग्लंडच्या उच्चवर्गीय शाळा-विद्यापीठांत रूढ झाली आणि तेथून ऑलिंपिक चळवळीत आली. या नियमाची अंमलबजावणी करण्यात वृत्तपत्रांचा वाटा मोठा होता. अमेरिकेतील कार्लाइल येथील इंडियन स्कूलचा विद्यार्थी जिम थॉर्प याने १९१२ च्या स्टॉकहोम ऑलिंपिकमध्ये दोन सुवर्णपदके मिळवली. पूर्वी त्याने अल्प वेतनावर बेसबॉल खेळल्याचे वृत्त जानेवारी १९१३ मध्ये वूस्टर येथील एका वृत्तपत्राने दिले आणि त्याची पदके काढून घेण्यात आली. १९८२ मध्ये त्याला मरणोत्तर सहविजेता ठरवण्यात आले. एकमेव विजेता म्हणून त्याची नोंद होण्यास २०२२ साल उजाडावे लागले. १९७० नंतरच्या दोन दशकांत ऑलिंपिकमधील हौशीपणाची अट क्रमाक्रमाने सैल होत गेली.

महाराष्ट्रात हौशीपणाचा अर्थ निराळा होता. तो येथे नियमापेक्षा परिस्थितीचा भाग होता. कोल्हापूरच्या राजाराम महाविद्यालयातून पुढे आलेले मल्ल खाशाबा जाधव (१९२६–८४) यांनी १९५२ च्या हेलसिंकी ऑलिंपिकमध्ये कांस्यपदक मिळवले. स्वतंत्र भारताचे हे पहिले वैयक्तिक ऑलिंपिक पदक. त्यांच्या प्रवासखर्चासाठी वर्गणी गोळा करावी लागली. महाविद्यालयाचे प्राचार्य खर्डीकर यांनी स्वतःचे घर गहाण ठेवून सात हजार रुपये उभे केले. परतल्यावर बैलगाड्यांच्या मिरवणुकीने त्यांचे स्वागत झाले. पुढे ते पोलीस खात्यात नोकरीस लागले. कीर्ती होती, परंतु त्या कीर्तीचे उत्पन्नात रूपांतर करणारी कोणतीही यंत्रणा त्या काळी अस्तित्वात नव्हती.

अमेरिकेतील परिवर्तन : अमेरिकेतील आंतरमहाविद्यालयीन खेळांचे नियमन प्रामुख्याने नॅशनल कॉलेजिएट ॲथ्लेटिक असोसिएशन ही संस्था करते. या खेळांचे प्रक्षेपण हा प्रचंड व्यवसाय आहे. संस्थेने २०१० मध्ये पुरुषांच्या बास्केटबॉल स्पर्धेच्या प्रक्षेपणाचा करार चौदा वर्षांसाठी सुमारे १,०८० कोटी डॉलरना केला. खेळाडूंना मात्र शिष्यवृत्तीपलीकडे काही घेण्यास मनाई होती. एका व्हिडिओ खेळात आपले साम्य अनुमतीविना वापरलेले पाहून माजी बास्केटबॉलपटू एड ओबॅनन याने २००९ मध्ये दावा दाखल केला. २०१४ मध्ये न्यायालयाने ही मनाई स्पर्धाविरोधी असल्याचा निर्णय दिला. कॅलिफोर्निया राज्याने २०१९ मध्ये खेळाडूंना अनुकूल असा कायदा केला. जून २०२१ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने, शिक्षणाशी निगडित लाभांवरील संस्थेच्या मर्यादा एकमताने अवैध ठरवल्या आणि लगेच १ जुलैपासून संस्थेने प्रतिमेच्या मोबदल्यावरील निर्बंध उठवले. जून २०२५ मध्ये मान्य झालेल्या तडजोडीनुसार महाविद्यालयांनाही खेळाडूंना थेट रक्कम देता येऊ लागली. पहिल्या वर्षासाठी प्रत्येक संस्थेची मर्यादा सुमारे २ कोटी ५ लक्ष डॉलर ठरली.

वृत्ताच्या स्वरूपावरील परिणाम : (१) पूर्वी विद्यार्थ्याने पैसे घेतल्याचे उघडकीस आणणे हा शोधपत्रकारितेचा एक प्रकार होता. फुटबॉलपटू रेजी बुश याला अशाच वृत्तांनंतर झालेल्या चौकशीमुळे २००५ चा हाइझमन करंडक २०१० मध्ये सोडावा लागला. बदललेल्या परिस्थितीचा दाखला देऊन तो २०२४ मध्ये त्यास परत करण्यात आला. काल जो गैरप्रकार होता, तो आज करार ठरला. त्यामुळे वार्ताहराचा प्रश्न ‘पैसे घेतले काय?’ असा न राहता ‘किती, कोणाकडून व कशासाठी?’ असा झाला. सामन्याच्या वर्णनाइतकीच जागा करार आणि संघबदल यांच्या बातम्या व्यापू लागल्या.

(२) या नव्या प्रश्नाचे खात्रीशीर उत्तर मात्र दुर्मिळ असते. विद्यार्थ्यांच्या खाजगीपणाच्या कायद्याचा आधार घेऊन अनेक सार्वजनिक विद्यापीठांनी करारांचा तपशील देण्याचे नाकारले. ही पोकळी अंदाजांनी भरली. खेळाडूच्या कामगिरीवरून आणि समाजमाध्यमांवरील अनुयायांच्या संख्येवरून त्याचे ‘मूल्य’ काढणाऱ्या याद्या क्रीडासंकेतस्थळांवर प्रसिद्ध होतात. असे मूल्य म्हणजे प्रत्यक्ष मिळकत नव्हे. पण बातमीत ते पुष्कळदा मिळकत म्हणूनच वाचले जाते आणि पुढील करारात घासाघीस करण्यासाठी वापरलेही जाते. वृत्तच अशा रीतीने बाजारभाव ठरवू लागते.

(३) खेळाडूला स्वतःचे प्रेक्षक लाभल्याने वार्ताहरावरचे त्याचे अवलंबित्व कमी होते. महत्त्वाची घोषणा तो स्वतःच्या खात्यावरून करतो, मुलाखत देताना प्रायोजकाच्या हिताचा विचार करतो आणि अडचणीचे प्रश्न टाळू शकतो. दुसऱ्या बाजूने पाहता, पूर्वी संस्थेच्या प्रसिद्धी-विभागामार्फतच बोलू शकणाऱ्या विद्यार्थ्याला स्वतःचा आवाज मिळाला, हा लाभही दुर्लक्षिण्याजोगा नाही.

(४) उपेक्षित खेळांना, विशेषतः महिलांच्या खेळांना, याचा काही प्रमाणात फायदा झाला. आयोवा विद्यापीठाची बास्केटबॉलपटू केटलिन क्लार्क विद्यार्थिदशेतच मोठ्या कंपन्यांच्या जाहिरातींतून देशभर परिचित झाली. २०२४ मध्ये महिलांचा अंतिम सामना सरासरी सुमारे १ कोटी ८७ लक्ष प्रेक्षकांनी पाहिला. पुरुषांच्या अंतिम सामन्याचा आकडा सुमारे १ कोटी ४८ लक्ष होता. तिचा असामान्य खेळ हे याचे मूळ कारण होय. पण जाहिरात आणि वृत्त एकमेकांस कसे बळ देतात, हेही त्यातून दिसते. याच प्रक्रियेची दुसरी बाजू अशी की, खेळापेक्षा रूपाला अधिक मोल देणारी जाहिरातदारांची दृष्टी वृत्तातही शिरते.

महाराष्ट्रातील स्थिती : छापील नावाचे महत्त्व महाराष्ट्रातील शालेय क्रिकेटने फार पूर्वी ओळखले होते. मुंबईच्या वृत्तपत्रांतून हॅरिस ढाल व जाइल्स ढाल या आंतरशालेय स्पर्धांचे धावफलक दीर्घकाळ छापले जात. तीस धावा केल्याखेरीज नाव छापून येत नसे. म्हणून चोवीस धावा केलेल्या शाळकरी सचिन तेंडुलकरच्या नावे धावफलक-लेखकाने सहा अवांतर धावा जोडल्या. दुसऱ्या दिवशी नाव छापून आले, तेव्हा प्रशिक्षक रमाकांत आचरेकर यांनी त्याची कानउघाडणी केली. ही हकीकत तेंडुलकरने स्वतः आत्मचरित्रात सांगितली आहे. पुढे फेब्रुवारी १९८८ मध्ये आझाद मैदानावर तेंडुलकर व विनोद कांबळी यांनी शारदाश्रम विद्यामंदिरासाठी ६६४ धावांची अखंडित भागी केली आणि शालेय सामना राष्ट्रीय बातमी झाला. १९९५ मध्ये तेंडुलकरने ‘वर्ल्डटेल’ या कंपनीशी केलेला करार भारतीय खेळाडूच्या प्रतिमेच्या व्यापारातील महत्त्वाचा टप्पा मानला जातो. त्या मूल्याचा पाया वृत्तपत्रांतील लहान टाइपाच्या धावफलकांनी घातला होता.

अन्य खेळांना असे नियमित वृत्त लाभले नाही. ‘खेलो इंडिया’ योजनेत निवडलेल्या खेळाडूस दरमहा दहा हजार रुपये निर्वाहभत्ता देण्याची तरतूद आहे. योजनेखालील विद्यापीठ क्रीडास्पर्धा २०२० मध्ये भुवनेश्वर येथे सुरू झाल्या. प्रो कबड्डी लीगने २०१४ पासून ग्रामीण भागातील कबड्डीपटूंना दूरचित्रवाणीवर आणले. परंतु त्या स्तरावर पोहोचण्यापूर्वीची महाविद्यालयीन वर्षे वृत्ताच्या दृष्टीने अंधारातच राहतात. आंतरविद्यापीठीय स्पर्धांचा निकाल जिल्हा पृष्ठावर चार ओळींत येतो आणि त्यात अनेकदा खेळाडूऐवजी सत्कार करणाऱ्या पाहुण्यांची नावे अधिक असतात.

कुस्तीत ही विसंगती अधिक ठळक आहे. अहिल्यानगर (पूर्वीचा अहमदनगर) जिल्ह्याच्या श्रीगोंदा तालुक्यातील काष्टी हे जनावरांच्या आठवडी बाजारासाठी प्रसिद्ध असलेले गाव. या बाजूच्या गावांतून यात्रा-जत्रांच्या निमित्ताने कुस्त्यांचे फड भरतात. हलगीच्या तालावर जोडी लागते, निवेदक मल्लाचे गाव, तालीम आणि वस्तादाचे नाव पुकारतो, निकाली कुस्तीला ठरलेले इनाम मिळते. जुन्या व्यवस्थेत मल्लाची कीर्ती या पुकाऱ्यातूनच पंचक्रोशीत पसरत असे आणि इनाम हाच तिचा मोबदला असे. आता त्याच फडाचे चित्रण करून ते महाजालावर दाखवले जाते. जाहिरातींचे उत्पन्न चित्रफीत प्रसृत करणाऱ्याच्या खात्यात जमा होते. वेगळा करार नसेल तर मल्लाच्या वाट्याला त्यातील काही येत नाही. तालमीत राहून महाविद्यालयात शिकणाऱ्या मुलाचा खुराकाचा खर्च घर सोसते. ही चित्रणे निरुपयोगी नाहीत. वृत्तपत्रांनी न दिलेले वृत्त तीच देतात आणि एखाद्या अपरिचित मल्लाला दुसऱ्या जिल्ह्याच्या मैदानाचे आमंत्रणही मिळवून देतात. प्रश्न वाट्याचा आहे.

चित्रफितीमुळे वृत्ताचा भरही बदलतो. फेब्रुवारी २०२५ मध्ये अहिल्यानगर येथे झालेल्या महाराष्ट्र केसरी स्पर्धेत पृथ्वीराज मोहोळ विजेता ठरला. परंतु उपान्त्य लढतीतील पंचांच्या निर्णयावरून झालेल्या वादाची दृश्ये राज्यभर फिरली आणि चर्चा मुख्यतः त्यांचीच झाली. संतापाचा क्षण डावाच्या बारकाव्यापेक्षा अधिक पाहिला जातो. ज्याची प्रतिमा हेच भांडवल, अशा तरुण मल्लाला असा एक क्षण दीर्घकाळ भोवू शकतो.

कायदेशीर बाजू : भारतात प्रतिमाहक्कासंबंधी स्वतंत्र अधिनियम नाही; न्यायालयीन निर्णयांतून तो आकारास आला आहे. व्यक्तीचे नाव वा साम्य तिच्या संमतीविना जाहिरातीसाठी वापरणे हा खाजगीपणाचा भंग ठरतो, असे सर्वोच्च न्यायालयाने १९९४ मध्ये राजगोपाल खटल्यात म्हटले. प्रसिद्धीचा हक्क व्यक्तीकडेच असतो, स्पर्धेला वा तिच्या संयोजकांना नव्हे, असा निर्णय दिल्ली उच्च न्यायालयाने २००३ मध्ये दिला. मैदानाच्या संयोजकांनाही हे तत्त्व लागू पडते. उलटपक्षी, सार्वजनिकरीत्या उपलब्ध असलेली खेळाडूविषयक माहिती वापरण्यास मज्जाव करता येत नाही, असे त्याच न्यायालयाने २०२३ मध्ये कल्पक्रीडांसंबंधीच्या एका खटल्यात स्पष्ट केले. वृत्तस्वातंत्र्याच्या दृष्टीने हा निर्णय महत्त्वाचा आहे. २०२१ च्या टोकिओ ऑलिंपिकनंतर बॅडमिंटनपटू पी. व्ही. सिंधू हिच्या व्यवस्थापन-संस्थेने, अभिनंदनाच्या निमित्ताने तिचे चित्र वापरणाऱ्या, पण तिच्या प्रायोजक नसलेल्या कंपन्यांविरुद्ध कायदेशीर पावले उचलली. वर उल्लेखिलेल्या तिसऱ्या प्रकाराचे हे ठळक भारतीय उदाहरण होय.

विद्यार्थ्यांच्या बाबतीत वयाचा मुद्दा निर्णायक आहे. भारतीय करार अधिनियम, १८७२ नुसार अठरा वर्षांखालील व्यक्ती करार करण्यास सक्षम नसते. अशा खेळाडूच्या नावे पालकाने वा वस्तादाने केलेली बोलणी कोणाच्या हिताची आहेत, हे तपासणारी यंत्रणा खेळसंस्थांत क्वचितच आढळते. ग्राहक संरक्षण अधिनियमाखालील २०२२ च्या मार्गदर्शक तत्त्वांनुसार, जाहिरातदाराशी असलेला आर्थिक संबंध प्रसिद्ध व्यक्तीने उघड करणे आवश्यक आहे. प्रायोजित मजकूर बातमी म्हणून छापणाऱ्या वृत्तपत्रालाही नैतिकदृष्ट्या हेच बंधन लागू पडते.

मूल्यमापन : प्रतिमेचा मोबदला मिळाल्याने खेळ भ्रष्ट होतो, ही जुनी समजूत अनुभवास उतरलेली नाही. खेळाडूखेरीज इतर सर्वांनी त्याच्या प्रतिमेवर मिळवावे, ही स्थिती अधिक अन्याय्य होती. तथापि हा हक्क आपोआप समता आणत नाही. जेथे वृत्त पोहोचते तेथेच तो फलद्रूप होतो. महाराष्ट्रासारख्या प्रदेशात म्हणून दोन गोष्टींना प्राधान्य द्यावे लागते. विद्यापीठ व शालेय स्पर्धांचे नियमित, नावनिशीवार वृत्त ही पहिली. चित्रणाच्या उत्पन्नात खेळाडूचा लेखी वाटा ही दुसरी. वार्ताहराने खेळाडूच्या व्यापारात भागीदार न होता त्याची कामगिरी नोंदवली, तर त्या नोंदीतून निर्माण होणारे मूल्य खेळाडूचे राहते आणि नोंदीवरचा वाचकाचा विश्वासही टिकतो.