पेसमेकर असताना ठोका नेमका कोणाचा?

समजा, पेसमेकर बसवलेल्या रुग्णाचा 24 तासांचा ईसीजी तुमच्याकडे आलाय आणि रात्रभर ठोके मिनिटाला अगदी 60. चेतासंस्थेचं नियंत्रण बिघडलंय, असा निष्कर्ष लगेच काढू नका. 60 ही यंत्रात ठरवून दिलेली किमान गती असू शकते. म्हणून आधी प्रत्येक ठोका कोणी सुरू केला ते बघा. ईसीजीवर पेसमेकरची उभी रेष कधी कधी दिसतच नाही, तेव्हा यंत्राची सेटिंगही मागून घ्या.

दोन कप्प्यांच्या पेसमेकरमध्ये बऱ्याचदा वरचा कप्पा स्वतःच्या लयीत चालतो, यंत्र फक्त खालच्याला चालवतं. अशा वेळी पी लहरींमधलं अंतर मोजा. शरीराचा स्वतःचा चढउतार तिथे सापडतो. वरचा कप्पाही यंत्रच चालवत असेल, तर तेवढा भाग विश्लेषणातून वगळा आणि किती वगळला ते लिहा.